लिनक्स व्हर्च्युअल मशीनमध्ये क्लिपबोर्ड आणि फोल्डर शेअरिंग: एक खूण बाहेर, एक प्रोग्राम आत

धाकटा भाऊ इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याच्या विंडोज लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे एका कॉम्प्युटरच्या आत दुसरा चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, उबंटू लिनक्स चालतं. परवा तो उबंटूत तयार केलेली एसएसएचची (दूरच्या कॉम्प्युटरशी सुरक्षित जोडणीची) पब्लिक की बाहेरच्या ब्राउझरमध्ये हाताने टाइप करत बसला होता. ईडी२५५१९ प्रकारची की म्हणजे ६८ अक्षरांची सलग माळ. त्यात लहान एल, मोठा आय आणि एक हा आकडा शेजारीशेजारी आले की डोळ्यांना फरक कळत नाही. तीनदा टाइप केली, तिन्ही वेळा नाकारली गेली. मी विचारलं, कॉपी-पेस्ट का नाही करत? तो म्हणाला, "दादा, मेनूत बायडायरेक्शनल केलंय, तरी चालत नाही."

मेनूत बायडायरेक्शनलवर, म्हणजे दोन्ही दिशांनी कॉपीवर, खरंच खूण होती. पण ती खूण म्हणजे फक्त बाहेरच्या बाजूची परवानगी. व्हर्च्युअल मशीनच्या आतल्या लिनक्सला बाहेर क्लिपबोर्ड आहे हे ठाऊकच नसतं. त्याच्या दृष्टीने तो एक स्वतंत्र कॉम्प्युटर आहे. आतून बाहेरशी बोलणारा एक छोटा प्रोग्राम तिथे चालू असावा लागतो. फोल्डरचंही तसंच: बाहेर तुम्ही फोल्डर देऊ करता, आत तो माउंट व्हावा, म्हणजे जोडला जावा लागतो. काही अडलं की आधी एवढंच ठरवायचं, बाहेरची बाजू राहिली आहे की आतली? हे न ठरवता लोक दोन-दोन दिवस मशीन पुन्हापुन्हा बसवत राहतात, हे मी पाहिलं आहे.

पुढे 'होस्ट' म्हणजे तुमचा खरा कॉम्प्युटर आणि 'गेस्ट' म्हणजे आतलं लिनक्स. आज्ञा मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत टाइप करायच्या, आणि मोठं अक्षर आहे असं सांगितलं नसेल तर सगळी अक्षरं लहान.

सगळ्यात आधी एक तपासणी

टर्मिनलमध्ये कंट्रोल-व्ही दाबून पेस्ट होत नाही. तिथे कंट्रोल-शिफ्ट-व्ही लागतं, आणि कॉपीसाठी कंट्रोल-शिफ्ट-सी. टर्मिनलमध्ये नुसतं कंट्रोल-सी दाबलं तर चालू असलेला प्रोग्राम थांबतो. म्हणून क्लिपबोर्डची चाचणी टर्मिनलमध्ये घेऊ नका. गेस्टमध्ये टेक्स्ट एडिटर उघडा, होस्टवरच्या नोटपॅडमधला एक शब्द कॉपी करा आणि एडिटरमध्ये पेस्ट करून पाहा. 'चालत नाही' म्हणणाऱ्या बऱ्याच जणांचं काम इथेच होऊन जातं.

व्हर्च्युअलबॉक्स

आपल्याकडे विद्यार्थ्यांची सुरुवात बहुधा इथूनच होते, म्हणून यावर जरा जास्त थांबतो.

नवीन मशीन बनवतानाच एक काळजी घ्या. आवृत्ती ७ पासून व्हर्च्युअलबॉक्स आयएसओ फाइल निवडताच 'अनअटेंडेड इन्स्टॉलेशन' म्हणजे आपोआप बसवण्याची सोय पुढे करतं. ती सोय वगळा आणि उबंटू स्वतः हाताने बसवा. आपोआप बसवलं तर व्हीबॉक्सयूझर नावाचं खातं तयार होतं. त्याला सुडोचा, म्हणजे रूट या सर्वाधिकारी खात्याच्या हक्काने आज्ञा चालवण्याचा, अधिकार नसला की पुढची प्रत्येक आज्ञा अडते. आधीच तसं झालं असेल तर टर्मिनलमध्ये 'एसयू -' टाइप करून रूट व्हा (बदलला नसेल तर पासवर्ड 'चेंजमी') आणि आपलं खातं सुडो ग्रुपमध्ये घाला:

यूझरमॉड -एजी सुडो व्हीबॉक्सयूझर

यात 'ए' लहान आणि 'जी' मोठा. 'ए' विसरू नका. नुसतं मोठं 'जी' दिलं तर ते खातं आधीच्या सगळ्या जादा ग्रुपमधून बाहेर पडतं.

आता आतली बाजू. व्हर्च्युअलबॉक्समध्ये तिला गेस्ट ॲडिशन्स म्हणतात. त्यातले काही भाग कर्नलचे (लिनक्सच्या गाभ्याचे) मॉड्यूल असतात आणि ते तुमच्या कर्नलसाठी जागेवरच बनवले जातात, म्हणून आधी बनवण्याची साधनं लागतात:

सुडो एपीटी अपडेट
सुडो एपीटी इन्स्टॉल बिल्ड-एसेन्शियल डीकेएमएस लिनक्स-हेडर्स-जेनेरिक

यानंतर गेस्ट एकदा रीस्टार्ट करा. अपडेटमध्ये नवं कर्नल आलं असेल आणि तुम्ही अजून जुन्यावरच असाल, तर हेडर्स एकाचे आणि चालू कर्नल दुसरं असा घोळ होतो.

मग मशीनच्या खिडकीवरच्या डिव्हायसेस मेनूतून 'इन्सर्ट गेस्ट ॲडिशन्स सीडी इमेज' निवडा. उबंटूच्या डाव्या पट्टीवर सीडीचं चिन्ह येईल. ते उघडा, मोकळ्या जागेवर उजवी क्लिक करून 'ओपन इन टर्मिनल' घ्या. तिथे 'सुडो एसएच' टाइप करा, एक जागा सोडा, मग टिंब आणि स्लॅश, आणि फाइलच्या नावाची पहिली पाच अक्षरं: मोठा व्ही, मोठा बी, लहान ओ, लहान एक्स, मोठा एल. आता टॅब दाबा. उरलेलं नाव टर्मिनल स्वतः पूर्ण करेल. शेवटी '.रन' आलं नसेल तर तेवढं टाइप करा. एंटर दाबा, पासवर्ड द्या, मिनिटभर थांबा, गेस्ट रीस्टार्ट करा.

उबंटूच्या भांडारातूनही व्हर्च्युअलबॉक्स-गेस्ट-एक्स११ हे पॅकेज बसवता येतं. मी सीडीचा मार्ग पसंत करतो, कारण त्यातली आवृत्ती होस्टवरच्या व्हर्च्युअलबॉक्सशी तंतोतंत जुळते. कोणताही घ्या, पण एकच घ्या. दोन्ही बसवले की एकाची फाइल दुसऱ्याखाली दडते आणि दोष शोधणं फार कठीण होतं.

बसलं की नाही, हे पाहायचं असं:

एलएसमॉड | ग्रेप व्हीबॉक्स

मधली उभी रेघ कीबोर्डवर एंटरच्या वरच्या कळीवर असते. उत्तरात व्हीबॉक्सगेस्ट दिसलं तर मॉड्यूल चालू आहे. मग 'पीएस ऑक्स | ग्रेप' लिहून त्यापुढे 'व्हीबॉक्सक्लायंट' टाका (व्ही, बी आणि सी मोठे). त्यात क्लिपबोर्ड हा शब्द असलेली ओळ हवी. ती नसेल तर बहुधा कॉपी-पेस्ट होणार नाही, मेनूत कितीही खुणा करा. त्यावेळी 'व्हीबॉक्सक्लायंट --क्लिपबोर्ड' ही आज्ञा सुडो न लावता, आपल्या साध्या खात्यातून चालवा.

इथे एक गोष्ट अनेकांना चकवते. खिडकी ताणली की उबंटूचा पडदा बरोबर मोठा होतो, म्हणजे ॲडिशन्स नीट बसल्या, असं आपण धरून चालतो. पडदा आणि क्लिपबोर्ड सांभाळणारे भाग वेगळे आहेत. एक चालू आणि दुसरा बंद, असं सर्रास होतं.

आतली बाजू झाली की बाहेरची: डिव्हायसेस, मग शेअर्ड क्लिपबोर्ड, मग बायडायरेक्शनल. सुरुवातीला हे 'डिसेबल्ड' असतं. भावाच्या मशीनवर नेमकं उलटं झालं होतं. बाहेर खूण होती, आत ॲडिशन्स बसवलेल्याच नव्हत्या. वीस मिनिटांत काम झालं, आणि ती ६८ अक्षरं एका पेस्टमध्ये जागेवर पोचली.

शेअर्ड फोल्डर, व्हर्च्युअलबॉक्समध्ये

डिव्हायसेस, शेअर्ड फोल्डर्स, शेअर्ड फोल्डर्स सेटिंग्ज. उजवीकडच्या अधिकच्या चिन्हावर क्लिक करा आणि होस्टवरचा फोल्डर निवडा. नाव रोमन लिपीत, छोटं आणि मध्ये जागा न सोडता द्या. समजा 'काम' दिलं. 'ऑटो-माउंट' आणि 'मेक परमनंट' या दोन्हीवर खूण करा. दुसरी राहिली तर मशीन बंद केल्यावर फोल्डर यादीतून गायब होतो.

आता गेस्टमध्ये तो फोल्डर /मीडिया/एसएफ_काम या ठिकाणी दिसेल. उघडायला गेलात की 'परमिशन डिनाइड' येईल. घाबरू नका, हे ठरल्याप्रमाणेच आहे. फोल्डरची मालकी रूटकडे आणि ग्रुप व्हीबॉक्सएसएफ असतो, आणि तुमचं खातं त्या ग्रुपमध्ये नसतं. म्हणून:

सुडो यूझरमॉड -एजी व्हीबॉक्सएसएफ तुमचं-खातं

पुन्हा 'ए' लहान, 'जी' मोठा. यानंतर लॉग आउट करून परत लॉग इन व्हा, किंवा सरळ रीस्टार्ट करा. नुसतं टर्मिनल बंद करून नवं उघडल्याने ग्रुप लागू होत नाही. नेमक्या या पायरीवर लोक 'केलं तरी होत नाही' म्हणून सोडून देतात. 'ग्रुप्स' ही आज्ञा देऊन यादीत व्हीबॉक्सएसएफ आलं का पाहा.

ऑटो-माउंट नको असेल, आपल्या आवडीच्या जागी फोल्डर हवा असेल, तर हाताने:

एमकेडीआयआर ~/काम
सुडो माउंट -टी व्हीबॉक्सएसएफ -ओ यूआयडी=१०००,जीआयडी=१००० काम ~/काम

१००० हा उबंटूत पहिल्या खात्याचा क्रमांक. तुमचा 'आयडी' या आज्ञेने कळेल. यामुळे मालकी सरळ तुमच्याकडे येते आणि ग्रुपची भानगड राहत नाही. 'प्रोटोकॉल एरर' आली तर बहुतेक वेळा फोल्डरचं नाव जुळत नसतं. सेटिंग्जमध्ये दिलेलं नावच इथे लागतं, विंडोजवरचा पत्ता नाही. 'राँग एफएस टाइप' आलं तर माउंट करणारा मदतनीस प्रोग्रामच नाही, म्हणजे ॲडिशन्स बसलेल्या नाहीत.

काही दिवस नीट चाललं आणि एका अपडेटनंतर सगळं बंद पडलं, असंही होतं. कर्नल बदललं आणि मॉड्यूल नव्याने बनलं नाही, हे त्याचं नेहमीचं कारण. नव्या कर्नलचे हेडर्स आहेत याची खात्री करून ही आज्ञा द्या आणि रीस्टार्ट करा:

सुडो आरसीव्हीबॉक्सॲड सेटअप

वेलँडची अडचण

सगळं बरोबर असूनही क्लिपबोर्ड चालत नसेल तर सेटिंग्जमधल्या 'अबाउट'मध्ये विंडोइंग सिस्टिम, म्हणजे पडद्यावर खिडक्या दाखवणारी यंत्रणा, एक्स११ आहे की वेलँड ते पाहा. जुन्या एक्स११ मध्ये कोणताही प्रोग्राम कधीही क्लिपबोर्ड वाचू शकत असे. नव्या वेलँडने सुरक्षेसाठी ते बंद केलं. साधारणपणे ज्याची खिडकी समोर आहे त्यालाच क्लिपबोर्ड मिळतो. पाठीमागे गुपचूप चालणाऱ्या आपल्या मदतनीसाला खिडकीच नसते. व्हर्च्युअलबॉक्सने ७.१ या २०२४ च्या आवृत्तीत वेलँडवर क्लिपबोर्ड शेअरिंगची सोय आणली, तेव्हा जुनी आवृत्ती असेल तर आधी होस्टवरचं व्हर्च्युअलबॉक्स आणि मग गेस्टमधल्या ॲडिशन्स, असं दोन्ही अद्ययावत करा.

तरीही अडखळत असेल तर उबंटू २४.०४ मध्ये लॉग आउट करा, आपल्या नावावर क्लिक करा, आणि पासवर्ड टाकण्याआधी खाली उजव्या कोपऱ्यातल्या दातेरी चाकातून 'उबंटू ऑन झोर्ग' (म्हणजे तेच जुनं एक्स११) निवडा. उबंटू २५.१० पासून हा पर्याय काढून टाकला आहे. म्हणून व्हर्च्युअल मशीनसाठी मी आजही २४.०४ सुचवतो. ती दीर्घकाळ आधार मिळणारी आवृत्ती आहे आणि त्यात हा मार्ग मोकळा राहतो.

व्हीएमवेअर

इथे काम सोपं आहे. वर्कस्टेशन प्रो २०२४ पासून फुकट मिळतं, त्यामुळे आता बरेच जण इकडे वळले आहेत. गेस्टमध्ये एकच आज्ञा:

सुडो एपीटी इन्स्टॉल ओपन-व्हीएम-टूल्स-डेस्कटॉप

शेवटचा 'डेस्कटॉप' महत्त्वाचा. नुसतं ओपन-व्हीएम-टूल्स असेल तर मशीन नीट बंद-चालू होतं, पण क्लिपबोर्डचा भाग येत नाही. बसवून रीस्टार्ट केलं की कॉपी-पेस्ट चालू. नाही झालं तर मशीनच्या सेटिंग्जमध्ये ऑप्शन्स, गेस्ट आयसोलेशन या ठिकाणी कॉपी-पेस्टची परवानगी आहे का पाहा.

फोल्डरसाठी ऑप्शन्समध्येच शेअर्ड फोल्डर्स 'ऑल्वेज एनेबल्ड' करा आणि फोल्डर जोडा. गेस्टमध्ये 'व्हीएमवेअर-एचजीएफएसक्लायंट' ही आज्ञा दिली की होस्टने देऊ केलेल्या फोल्डरांची नावं येतात. नाव आलं म्हणजे बाहेरची बाजू पूर्ण झाली. मग आतली:

सुडो एमकेडीआयआर -पी /एमएनटी/एचजीएफएस
सुडो व्हीएमएचजीएफएस-फ्यूज .होस्ट:/ /एमएनटी/एचजीएफएस -ओ अलाउ_अदर

'अलाउ_अदर' गाळलं तर फोल्डर फक्त रूटला दिसतो. हे दर वेळी आपोआप व्हावं म्हणून /ईटीसी/एफएसटॅब या फाइलच्या शेवटी एक ओळ घाला:

.होस्ट:/ /एमएनटी/एचजीएफएस फ्यूज.व्हीएमएचजीएफएस-फ्यूज डिफॉल्ट्स,अलाउ_अदर,नोफेल ० ०

'नोफेल' मी आवर्जून घालतो. फोल्डर मिळाला नाही म्हणून मशीन सुरू होतानाच अडकून राहू नये.

होस्टही लिनक्स असेल तर: केव्हीएम आणि व्हर्ट-मॅनेजर

मी स्वतः रोज हेच वापरतो. व्हर्च्युअल मशीन चालवणारं केव्हीएम २००७ पासून लिनक्स कर्नलचाच भाग आहे, व्हर्ट-मॅनेजर ही ती मशीन सांभाळायची खिडकी, आणि फोल्डर शेअरिंग इथे सगळ्यात वेगवान आहे.

क्लिपबोर्डसाठी तीन गोष्टी जुळाव्या लागतात. व्हर्ट-मॅनेजरमध्ये मशीनचा डिस्प्ले 'स्पाइस' हवा, व्हीएनसी नको. हार्डवेअरच्या यादीत 'चॅनल (स्पाइस)' हवा. नवीन मशीनमध्ये तो आपोआप असतो, नसल्यास ॲड हार्डवेअरमधून घाला. आणि गेस्टमध्ये:

सुडो एपीटी इन्स्टॉल स्पाइस-व्हीडीएजंट

रीस्टार्ट केलं की झालं. गेस्ट म्हणून फेडोरा वर्कस्टेशन वापरत असाल तर हा एजंट आधीच बसवलेला मिळतो.

फोल्डरसाठी व्हर्टआयओएफएस वापरा. गेस्टचं कर्नल किमान ५.४ हवं, म्हणजे आजचं कोणतंही चालेल. मशीन पूर्ण बंद करा. आतून रीस्टार्ट केल्याने हे बदल लागू होत नाहीत. मग व्हर्ट-मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर 'एनेबल शेअर्ड मेमरी'वर खूण करा. होस्ट आणि गेस्ट फायलींची देवाणघेवाण एकाच मेमरीतून करतात, वेग त्यातूनच येतो. ही खूण राहिली तर मशीन सुरूच होणार नाही. नंतर ॲड हार्डवेअर, फाइलसिस्टिम, ड्रायव्हर व्हर्टआयओएफएस. 'सोर्स पाथ'मध्ये होस्टवरचा फोल्डर द्या.

खालच्या 'टार्गेट पाथ'ला नाव पाथचं आहे, पण तिथे पत्ता द्यायचा नसतो. ती नुसती एक खूणचिठ्ठी आहे. 'काम' असा एक शब्द लिहा, आणि गेस्टमध्ये तोच शब्द वापरा:

सुडो एमकेडीआयआर -पी /एमएनटी/काम
सुडो माउंट -टी व्हर्टआयओएफएस काम /एमएनटी/काम

मशीन सुरू होताना व्हर्टआयओएफएसडी सापडत नाही अशी तक्रार आली तर होस्टवर त्याच नावाचं पॅकेज बसवा.

इथे मालकीचे क्रमांक जसेच्या तसे आत येतात. होस्टवर तुमचा क्रमांक १००० आणि गेस्टमध्येही १००० असेल तर काहीच करावं लागत नाही. वेगळे असतील तर फायली दिसतील, पण लिहिता येणार नाहीत. गेस्ट नव्याने बसवताना पहिलंच खातं आपल्यासाठी केलं की हा प्रश्न येत नाही.

या फोल्डरात काय ठेवू नये

फोल्डर जोडला गेला की सगळं काम त्यातच करावंसं वाटतं. व्हर्च्युअलबॉक्स आणि व्हीएमवेअरमध्ये तसं करू नका. होस्ट विंडोज असेल तर तिथे लिनक्सच्या सवयीच्या अनेक गोष्टी चालत नाहीत. सीएचमॉड दिलं तरी परवानग्या बदलत नाहीत. व्हर्च्युअलबॉक्स सुरक्षेसाठी सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी फाइल) तयार करू देत नाही, म्हणून एनपीएम इन्स्टॉल मध्येच मोडतं. होस्टवर फाइल बदलली तर गेस्टमधल्या लक्ष ठेवणाऱ्या प्रोग्रामला ते कळत नाही, आणि तुमचं वेब पान स्वतःहून ताजं होत नाही. डेटाबेसच्या फायली तर तिथे कधीच ठेवू नका. कोड गेस्टच्या स्वतःच्या डिस्कवर ठेवा, गिटने ने-आण करा, आणि हा फोल्डर असाइनमेंटच्या पीडीएफ, स्क्रीनशॉट, आयएसओ अशा फायलींपुरता वापरा.

मराठी मजकूर

होस्टवरून मराठी परिच्छेद कॉपी केला आणि गेस्टमध्ये चौकोन दिसले, तर क्लिपबोर्डचा दोष नाही. अक्षरं पोचली आहेत, फॉन्ट नाही. 'सुडो एपीटी इन्स्टॉल फॉन्ट्स-लोहित-देवा' केलं की दिसू लागतात. टर्मिनलमध्ये मात्र जोडाक्षरं आणि वेलांट्या विस्कटलेल्या दिसू शकतात, कारण बरेचसे टर्मिनल प्रत्येक अक्षराला एकसारखी चौकट देतात. तो मजकूर फाइलमध्ये जतन करून एडिटरमध्ये उघडलात तर नीट दिसेल.

परवानगी कुठल्या दिशेला द्यावी

बायडायरेक्शनल म्हणजे गेस्टमधल्या प्रोग्रामला तुमच्या होस्टचा क्लिपबोर्ड सतत वाचता येतो. पासवर्ड मॅनेजरमधून कॉपी केलेला बँकेचा पासवर्डही त्यात आला. रोजच्या अभ्यासाच्या मशीनला हे चालेल. पण अनोळखी सॉफ्टवेअर तपासायला म्हणून मशीन केलं असेल तर क्लिपबोर्ड आणि फोल्डर दोन्ही बंदच ठेवा. फायली आत न्यायच्याच असतील तर फोल्डर 'रीड-ओन्ली' करून द्या. मधली वाट म्हणून 'होस्ट टू गेस्ट' आहे. आज्ञा बाहेरून आत पेस्ट करायच्या, आतलं बाहेर येऊ द्यायचं नाही. मात्र होस्टचा क्लिपबोर्ड तेव्हाही आत वाचता येतो.

काहीच जमलं नाही तर

डेस्कटॉप नसलेलं सर्व्हर लिनक्स असेल तर क्लिपबोर्डचे हे एजंट उपयोगाचे नाहीत, त्यांना डेस्कटॉप लागतो. तिथे एसएसएच घ्या. गेस्टमध्ये 'सुडो एपीटी इन्स्टॉल ओपनएसएसएच-सर्व्हर' करा. व्हर्च्युअलबॉक्सच्या नेटवर्क सेटिंग्जमध्ये एनएटीखाली पोर्ट फॉरवर्डिंग उघडून होस्ट पोर्ट २२२२ आणि गेस्ट पोर्ट २२ अशी एक ओळ घाला. आता विंडोजच्याच टर्मिनलमधून:

एसएसएच -पी २२२२ तुमचं-खातं@१२७.०.०.१

ही खिडकी होस्टची असल्यामुळे कॉपी-पेस्ट होस्टचंच चालतं. फाइल पाठवायला एससीपी आहे, फक्त त्यात पोर्टचा 'पी' मोठा लिहायचा:

एससीपी -पी २२२२ अहवाल.पीडीएफ तुमचं-खातं@१२७.०.०.१:

शेवटचा कोलन (:) गाळू नका. तो राहिला तर फाइल गेस्टला न जाता त्याच फोल्डरात त्या लांबलचक नावाची प्रत तयार होते.